कॅम्पिंगला निघताय? पाठीवरच्या बॅगेसाठी आणि गाडीच्या डिकीसाठी सामान वेगळं का लागतं?

डिसेंबर उजाडला की नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो, 'या शनिवारी कुठे?' कुणी खिंडसीचं नाव घेतं, कुणी पेंचचं, कुणी पचमढीचं. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून तर थेट कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाचीही चर्चा होते. तारीख ठरते आणि लगेच ऑनलाइन खरेदी सुरू होते. तंबू, स्लीपिंग बॅग, फोल्डिंग खुर्ची, छोटा स्टोव्ह, लाइटची माळ असं सगळं कार्टमध्ये जातं.

इथेच गडबड होते. 'कॅम्पिंगचं सामान' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या सहलींचं सामान विकलं जातं. एक सहल पाठीवर बॅग घेऊन चालत करायची, दुसरी गाडी तंबूशेजारी उभी करून करायची. एकीचं सामान दुसरीकडे नेलं तर पैसे वाया जातात आणि पाठ दुखते. काही वेळा तर प्रकरण जिवावर बेततं.

म्हणूनच कोणत्या सहलीला काय लागतं, काय नाही आणि कोणत्या चुका महागात पडतात, ते समजून घेऊया.

दोन सहली, दोन हिशेब

उदाहरणासाठी पूर्व नागपुरातलं लकडगंज घ्या. नावातच लाकूड असलेला, वखारी, आरा मशिनी आणि प्लायवूडच्या दुकानांचा हा भाग. समजा इथून एकाच शुक्रवारी चार-चार जणांचे दोन ग्रुप निघाले.

पहिला ग्रुप टेलिफोन एक्स्चेंज स्टेशनवरून मेट्रो पकडतो, नागपूर रेल्वे स्थानकावर उतरतो आणि रात्रीच्या गाडीने सह्याद्रीकडे जातो. तिथून पुढे एसटी किंवा जीप आणि मग पायपीट. यांच्याकडे जे काही आहे ते सगळं पाठीवर. ही झाली बॅकपॅकिंग.

दुसरा ग्रुप कार काढतो, कामठी रोडने शहराबाहेर पडतो आणि राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून मनसर, देवलापारच्या दिशेने पेंचकडे जातो. कॅम्पसाइटवर गाडी तंबूपासून वीस पावलांवर उभी राहते. हे कार कॅम्पिंग.

पहिल्या ग्रुपसाठी प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न असतो, हिचं वजन किती? ट्रेकिंगमध्ये सर्वसाधारण नियम असा की भरलेल्या बॅगेचं वजन तुमच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर जाऊ नये. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाने जास्तीत जास्त १२ किलो उचलावं. त्यात पाणीही आलं. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, त्यामुळे ३ लिटर पाणी घेतलं की सामानासाठी ९ किलोच उरतात.

दुसऱ्या ग्रुपला वजनाची फिकीर नसते. त्यांचा प्रश्न असतो जागेचा आणि आरामाचा. डिकीत काय बसतं आणि रात्री झोप नीट लागेल का, एवढंच त्यांना बघायचं असतं. आठ किलोचा उंच तंबू, घरची रजई, २० लिटरचा पाण्याचा कॅन हे सगळं इथे चालतं.

हा फरक डोक्यात बसला की निम्मी खरेदी आपोआप बरोबर होते.

सामानाआधी जागा ठरवा

तंबू विकत घेतला म्हणजे तो कुठेही लावता येतो, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही.

भारतीय वन कायदा १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवानगी शिरणं आणि आग पेटवणं हा गुन्हा आहे. अभयारण्यांसाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आणखी कडक आहे. त्याच्या कलम २७ नुसार परवानगीशिवाय अभयारण्यात प्रवेश करता येत नाही आणि कलम ३० नुसार तिथे आग लावण्यावर बंदी आहे. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाचा परिसरही अभयारण्यात येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

विदर्भात तर हा प्रश्न केवळ कायद्याचा नाही. पेंच, ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा हे सगळे वाघांचे प्रदेश आहेत आणि वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये केरळमधल्या वायनाड जिल्ह्यात मेप्पाडीजवळ एका रिसॉर्टच्या तंबूत राहिलेल्या तरुणीचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. कितीही महागडा तंबू असला तरी जंगली जनावरासमोर ते कापडच असतं.

त्यामुळे पहिलं काम सोपं आहे. मुक्काम वन विभागाच्या किंवा पर्यटन महामंडळाच्या जागेवर, परवानगी असलेल्या खासगी कॅम्पसाइटवर किंवा ओळखीच्या शेतावरच करा. सह्याद्रीत जाणार असाल तर पायथ्याच्या गावात आधी फोन करून मुक्काम चालतो का ते विचारा. अनेक गावांत जेवण आणि तंबू भाड्याने मिळतात. तसं असेल तर पाठीवरचे तीन-चार किलो तिथेच कमी झाले.

तंबू घेताना काय बघायचं?

तंबूवर 'दोन माणसांचा', 'चार माणसांचा' असं लिहिलेलं असतं. हा आकडा खांद्याला खांदा लावून झोपलेल्या माणसांचा आहे. त्यात बॅगा, बूट, कूस बदलायला जागा हे धरलेलं नसतं. बॅकपॅकिंगला वजनापोटी ही अडचण सोसतात आणि दोघांसाठी दोन माणसांचाच तंबू नेतात. गाडी असेल तर मात्र एक-दोन आकडे वरचा घ्या. चौघांच्या कुटुंबाला सहा जणांचा तंबू म्हणजे चैन नाही, तो योग्य माप आहे.

पाठीवर न्यायचा दोन माणसांचा तंबू दोन ते अडीच किलोच्या आत असावा. तो दोघांमध्ये वाटून घेता येतो, एकाकडे कापड आणि दुसऱ्याकडे काठ्या. गाडीतला तंबू उभं राहून कपडे बदलता येतील एवढा उंच असला तर मोठ्यांना आणि म्हाताऱ्यांना सोयीचं पडतं. फक्त वारा जास्त असेल तिथे उंच तंबू फडफडतो, वाकतो. कोकणकड्यासारख्या उघड्या जागी बुटका तंबूच टिकतो.

यानंतर तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, दुहेरी आवरण. आत जाळीचा तंबू आणि वर वेगळं पावसाळी कापड असेल तर श्वासाची वाफ जाळीतून बाहेर जाते आणि वरच्या कापडाला लागते. एकेरी कापडाच्या स्वस्त तंबूत हीच वाफ रात्रभर टपकते. सकाळी लोक म्हणतात तंबू गळला. खरं तर पाऊस आलेलाच नसतो.

दुसरी, पाणी अडवण्याची क्षमता. ती मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तर पाणी झिरपायला लागेल, याचा तो आकडा. हिवाळ्यात १,५०० मिमी पुरतं. पावसाळ्यात २,००० ते ३,००० मिमीचं कापड आणि शिवणीवर पट्टी असलेला तंबू हवा. तळाचं कापड याहून दणकट असावं, कारण माणसाच्या वजनाने खालचं पाणी दाबून आत येतं.

तिसरी, हवा. नागपूर परिसरात हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. अशा उन्हाळ्यात बंद तंबू सकाळी आठपासूनच भट्टी होतो. मोठ्या जाळीच्या दोन खिडक्या समोरासमोर असतील तरच त्यात झोपता येतं. खरं सांगायचं तर मे महिन्यात विदर्भात तंबूपेक्षा मच्छरदाणी लावलेली खाट बरी.

शेवटचा मुद्दा मातीचा. विदर्भातली काळी माती कोरडी असताना दगडासारखी घट्ट असते आणि ओली झाली की चिखल. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या कोरड्या जमिनीत वाकतात आणि ओल्या मातीत उपटून येतात. गाडीने जात असाल तर जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडी सोबत ठेवा. जागा निवडताना काळ्या मातीपेक्षा थोडी उंच मुरमाड जमीन बघा. खाली ताडपत्री अंथरायची तर ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान घडी करून अंथरा. बाहेर राहिलेली ताडपत्री पावसाचं पाणी गोळा करून तंबूखालीच आणते.

थंडी वरून नाही, खालून लागते

'नागपुरात कसली थंडी?' असं म्हणणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

त्यात उंचीचा हिशेब जोडा. दर हजार मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे आणि पचमढीचं धूपगड १,३५२ मीटरवर. म्हणजे वर सहा-सात अंशांचा फरक सहज पडतो. मात्र आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर उलटही होतं. थंड हवा जड असते, ती रात्री खोलगट जागेत साचते. त्यामुळे तलावाच्या अगदी काठावर किंवा नाल्यात लावलेला तंबू शंभर पावलं वर लावलेल्या तंबूपेक्षा जास्त गारठतो आणि दवाने भिजतोही.

अंगाखाली काय आहे, यावर झोप ठरते. स्लीपिंग बॅग किंवा रजई तिच्यातल्या फुगीर थरात अडकलेल्या हवेमुळे ऊब देते. आपण झोपलो की अंगाखालचा थर चेपतो, हवा निघून जाते आणि जमीन अंगातली उष्णता ओढून घेते. म्हणून बॅगेआधी मॅट घ्या.

मॅटची उबदारपणाची क्षमता 'आर व्हॅल्यू'मध्ये मोजतात. उन्हाळ्यात १ ते २ पुरतं, सातपुडा आणि सह्याद्रीच्या हिवाळ्यात ३ च्या आसपास असलेली मॅट आरामाची. ट्रेकर मंडळी जिला कॅरीमॅट म्हणतात ती साधी फोमची गुंडाळी स्वस्त, हलकी आणि काट्याने पंक्चर न होणारी असते. हवा भरायची मॅट जास्त मऊ, पण बाभळीच्या एका काट्यात कामातून जाते. गाडीने जाणाऱ्यांनी घरची गादी नेली तरी चालते, फक्त खाली फोमचा किंवा सतरंजीचा एक थर टाका.

स्लीपिंग बॅगेवर लिहिलेल्या तापमानात मोठी फसगत होते. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार चाचणी झालेल्या बॅगेवर 'कम्फर्ट', 'लिमिट' आणि 'एक्स्ट्रीम' असे तीन आकडे असतात. यातला 'एक्स्ट्रीम' म्हणजे 'या तापमानात थंडीने शरीर धोकादायकरीत्या गारठू शकतं' असा इशारा. अनेक स्वस्त बॅगांवर हाच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात छापतात. तुम्ही फक्त 'कम्फर्ट' आकडा बघा. आपल्याकडच्या हिवाळ्यासाठी ५ ते १० अंश कम्फर्ट असलेली बॅग पुष्कळ झाली. हिमालयाची उणे दहाची बॅग विकत घेतली तर रात्रभर घाम येईल आणि दिवसभर वजन वाहावं लागेल.

पिसांची बॅग हलकी असते, पण भिजली की निकामी होते. दवाचा आणि पावसाचा विचार केला तर कृत्रिम तंतूंची बॅग आपल्याकडे जास्त व्यवहार्य आहे. कार कॅम्पिंगला तर बॅगेची गरजच नाही. दोन सोलापुरी चादरी आणि एक रजई यांचं काम तितकंच चोख होतं.

सॅक: लिटरपेक्षा कंबर महत्त्वाची

एका रात्रीसाठी ३५ ते ४५ लिटरची आणि दोन-तीन रात्रींसाठी ५० ते ६० लिटरची सॅक पुरते. मोठी सॅक घेतली की ती भरण्याचा मोह होतो, हा जवळपास सगळ्यांचा अनुभव.

पण लिटरपेक्षाही महत्त्वाचं आहे ते माप. मान खाली वाकवल्यावर मानेच्या तळाशी जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत पाठीची लांबी मोजा. सॅक त्या लांबीची हवी. कमरपट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. नीट बसलेल्या सॅकमध्ये बहुतेक भार कमरेवर येतो आणि खांदे फक्त तोल सांभाळतात. दुकानात रिकामी सॅक घालून काहीच कळत नाही. आत आठ-दहा किलो वजन टाकून दहा मिनिटं फिरून बघा.

भरताना हलकं आणि रात्रीच लागणारं सामान तळाला, जड सामान मधोमध पाठीला चिकटून आणि रेनकोट, टॉर्च, खाऊ वर. पावसाळी कव्हर लावलं तरी पाठीकडून पाणी आत जातंच. त्यामुळे सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सगळं सामान त्यात भरा. भाजीबाजारात मिळणाऱ्या या पिशवीचं काम महागड्या ड्राय बॅगेइतकंच होतं.

स्टोव्ह, सिगडी आणि सगळ्यात धोकादायक चूक

आता मुद्दा जिवाचा.

थंडी वाजली की सिगडी किंवा स्टोव्ह तंबूत घ्यायचा आणि चेन लावून झोपायचं, ही कॅम्पिंगमधली सगळ्यात घातक चूक आहे. बंद जागेत जळण पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमन इथे फिरायला गेलेल्या केरळच्या आठ पर्यटकांचा हॉटेलच्या खोलीत मृत्यू झाला. त्यांत चार लहान मुलं होती. थंडीमुळे खोली बंद करून गॅस हीटर लावलेला होता. खोलीत हे घडतं, तर तंबूची जागा त्याहून कितीतरी लहान.

कारमध्ये झोपणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. एसीसाठी इंजिन सुरू ठेवून बंद गाडीत झोपू नका. सायलेन्सरचा धूर आत येऊ शकतो. खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा आणि त्यांना जाळी लावा.

दुसरा प्रश्न, स्टोव्ह न्यायचा कसा? रेल्वेने जाणाऱ्यांसाठी उत्तर सरळ आहे, गॅस नेताच येत नाही. छोटा कॅनिस्टरसुद्धा नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू गाडीत नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई इथे पर्यटकांच्या डब्याला आग लागून नऊ जणांचा जीव गेला, तेव्हा डब्यात बेकायदा नेलेला गॅस सिलिंडर हेच कारण पुढे आलं होतं. विमानातही कॅनिस्टर चालत नाही. त्यामुळे ट्रेनने जाणाऱ्यांनी फक्त बर्नर न्यावा आणि गॅस मुक्कामाच्या शहरात घ्यावा. नाहीतर सरळ गावात जेवणाची सोय करावी आणि सोबत दशम्या, चटणी, चिवडा, गूळ-शेंगदाणे ठेवावेत.

कारवाल्यांसाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर सोयीचा आहे. मात्र गॅसच्या कॅनिस्टरवर '५० अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका' असं लिहिलेलं असतं. नागपूरच्या उन्हात काचा बंद करून उभी केलेली कार ही मर्यादा सहज ओलांडते. गाडी उन्हात लावून जेवायला गेलात तर कॅनिस्टर डिकीत सोडू नका.

शेकोटी करायची असेल तर कॅम्पसाइटने ठरवलेल्या जागीच करा आणि जंगलातून सरपण तोडू नका. लकडगंजसारख्या भागात राहणाऱ्यांना लाकडाचे तुकडे सहज मिळतात. पण प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, रंग किंवा पॉलिश लावलेलं लाकूड शेकोटीत टाकू नका. त्यातला गोंद आणि रसायनं जळून विषारी धूर होतो. त्यावर भाजलेलं वांगं तर नकोच.

पाणी, उजेड आणि बॅटरी

हिवाळ्यात चालताना माणशी तीन लिटर आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी धरा. वाटेत पाणी मिळणार असेल तर तेवढं वजन कमी करता येतं, पण ते उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकूनच प्या. पाण्याला खदखदून उकळी आली की एक मिनिट पुरतं. ओआरएसची दोन पाकिटं प्रत्येकाच्या खिशात हवीत.

उजेडासाठी मोबाइलचा टॉर्च वापरणं म्हणजे एक हात आणि बॅटरी दोन्ही गमावणं. डोक्याला लावायचा हेडटॉर्च घ्या. त्यात लाल दिवा असेल तर उत्तम, कारण लाल उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. पेंचला जाणाऱ्यांना याचा खास उपयोग आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' असा दर्जा मिळाला. तिथे तारे बघायला जायचं आणि तंबूभोवती रंगीत लाइटची माळ लावायची, यात काही अर्थ नाही.

पॉवर बँकेवरचा १०,००० एमएएचचा आकडा तसाच फोनला मिळत नाही. रूपांतरात बरीच ऊर्जा उष्णतेत जाते. हल्लीचा फोन त्यावर साधारण सव्वा वेळा चार्ज होतो. दोन दिवसांना एक पुरते. विमानाने जाणार असाल तर ती हातातल्या सामानात ठेवा.

साप, किडे आणि औषधाची पिशवी

मण्यार हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांना चावल्याच्या घटना आपल्याकडे नेहमी घडतात. त्याच्या चाव्यात अनेकदा फारशा वेदना होत नाहीत, त्यामुळे माणूस झोपून राहतो आणि उशीर होतो. नेपाळच्या तराईत झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका कमी असल्याचं दिसलं. तळ शिवलेला, चेन पूर्ण लागणारा तंबू हेच काम करतो. म्हणून तंबूची चेन दिवसाही बंद ठेवा आणि बूट घालण्याआधी झटका.

साप चावलाच तर दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिक हे काहीही नको. चावलेला भाग कमीत कमी हलवा, अंगठी-कडं काढा आणि १०८ ला फोन करून किंवा हातातल्या गाडीने लगेच प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्या. निघण्याआधीच जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कुठे आहे ते बघून ठेवा. वन्यप्राण्यांबाबत मदतीसाठी वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

दुसरा शत्रू डोळ्यांना दिसतही नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसची साथ आली आणि त्यात काही रुग्णांचे मृत्यू झाले. गवत-झुडपांत राहणाऱ्या बारीक माइट्सच्या अळ्या चावल्याने हा आजार होतो. वेळेवर निदान झालं तर साध्या अँटिबायोटिकने बरा होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच कॅम्पिंग करताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गवतावर थेट आडवे होऊ नका आणि कपडे गवतावर वाळत टाकू नका. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'जंगलात मुक्काम केला होता' हे आवर्जून सांगा. हे एक वाक्य निदान सोपं करतं.

पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे?

बॅकपॅकिंग करणार असाल तर पहिला खर्च बुटांवर करा. त्यानंतर सॅक, मग मॅट आणि स्लीपिंग बॅग. तंबू शेवटी. पहिल्या दोन-तीन ट्रेकला तो भाड्याने घ्या किंवा मागून न्या. बूट संध्याकाळी खरेदी करा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. नवे बूट घालून थेट गडावर जाऊ नका, आधी आठवडाभर रोज वापरा.

कार कॅम्पिंग करणार असाल तर हवेशीर मोठा तंबू आणि चांगला उजेड यावर पैसे घाला. बाकी सगळं घरात असतं. डबे, कढई, चटया, रजया, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा कॅन. 'कॅम्पिंग स्पेशल' म्हणून विकली जाणारी भांडी घेण्याचं काही कारण नाही.

दोन्ही करायचं असेल तर बॅकपॅकिंगचं सामान घ्या. हलकी वस्तू गाडीतही चालते, जड वस्तू पाठीवर चालत नाही.

आधी गच्चीवर तालीम

नवं सामान पहिल्यांदा जंगलात उघडू नका. निघण्याच्या आदल्या आठवड्यात गच्चीवर तंबू लावा. काठ्या पूर्ण आहेत का, चेन अडकते का, कुणाला तो अंधारात लावता येतो का, ते बघा. वरून दोन बादल्या पाणी ओता आणि आत जाऊन शिवणी तपासा. जमलं तर एक रात्र तिथेच झोपा. काय कमी पडलं ते रात्री दोन वाजता बरोबर कळतं, आणि घर एक जिना खाली असतं.

सॅक भरून झाली की वजनकाट्यावर ठेवा. मग ती घालून चार मजले दोनदा चढा-उतरा. जे सामान नको वाटेल ते तिथेच काढून टाका.

निघण्यापूर्वीची यादी

दोघांसाठीही: मुक्कामाची परवानगी, हेडटॉर्च, मॅट, पांघरूण, प्रथमोपचार, ओआरएस, रोजची औषधं, शिट्टी, काडेपेटी, कचऱ्यासाठी पिशवी, घरच्यांना दिलेला मार्ग आणि परतीची वेळ.

फक्त बॅकपॅकिंग: मापाची सॅक, आत प्लॅस्टिकची पिशवी, दोन-अडीच किलोचा तंबू किंवा गावात मुक्काम, कोरडा खाऊ, मोज्यांचा जादा जोड, रेनकोट. गॅस नाही.

फक्त कार कॅम्पिंग: मोठा तंबू, लोखंडी खुंट्या, हातोडी, ताडपत्री, २० लिटर पाणी, पाच किलोचा सिलिंडर आणि शेगडी, स्टेपनीत हवा, जॅक, खिडक्यांसाठी जाळी.

दोघांनीही घरी ठेवायचं: तंबूत पेटवायची सिगडी, मोठा स्पीकर आणि 'बघू तिकडे गेल्यावर' ही सवय.

११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी समृद्धी महामार्ग आणि लकडगंजच्या बाजूने जाणारा सीताबर्डी-प्रजापती नगर मेट्रो मार्ग एकाच दिवशी सुरू झाले. तेव्हापासून शहराबाहेर पडणं नागपूरकरांसाठी खूप सोपं झालं आहे. पण रस्ता कितीही सोपा झाला तरी तंबूतली रात्र तशीच राहते. तिथे बारा किलोच्या आत बसलेली बॅग, अंगाखालची मॅट आणि दोन बोटं उघडी ठेवलेली खिडकी याच गोष्टी उपयोगी पडतात. त्यातल्या बहुतेकांना फारसा पैसा लागत नाही. निघण्याआधी अर्धा तास विचार लागतो.